छतात गेलेला उजेड

नवा हॉल, नवं फॉल्स सीलिंग, त्यात बसवलेले सहा गोल दिवे. संध्याकाळी सगळे लावले होते. आजी शर्टाचं बटण लावायला दिवाणावर बसली, दोरा ओला केला, सुई डोळ्यांसमोर धरली. मग सुई थोडी वर, थोडी बाजूला. मग स्वतःच दोन हात सरकली, एका दिव्याच्या बरोबर खाली आली आणि सुईवर वाकली. पुन्हा मान हलवली. शेवटी उठून स्वयंपाकघरात गेली आणि दारावरच्या जुन्या ट्यूबखाली उभी राहिली. तिथं एका झटक्यात दोरा ओवला गेला. "आई, वर सहा दिवे आहेत की," सून म्हणाली. "आहेत गं. पण सुईचं नेढं दिसत नाही," एवढंच उत्तर आलं. कुणाची तक्रार नव्हती, कुणाला राग नव्हता. बटण लागलं, सुई डब्यात गेली. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण हिशेब उलटा होता. भिंतीवर पूर्वी ३६ वॅटची एकच ट्यूब होती, फार तर अडीच हजार लुमेनची (लुमेन म्हणजे उजेडाचं माप). आता बारा वॅटचे सहा दिवे, वॅटमागे नव्वद लुमेन धरले तरी साडेसहा हजारांच्या आसपास. उजेड अडीचपट झाला आणि सुईचं नेढं दिसेनासं झालं.

ट्यूबचं काय होतं, ते ती काढल्यावर कळतं. चार फूट लांबीचा उजेड. हात आडवा आला तरी ट्यूबचा काही भाग हाताच्या पलीकडून डोकावतच असे, त्यामुळे सावली पडली तरी तिची कड विरघळलेली, मऊ. ती भिंतीवर साडेसात फुटांवर असायची, म्हणजे तिचा बराच उजेड वर छताला आणि बाजूच्या भिंतींना लागून परत खोलीत यायचा. चुन्याचं पांढरं छत हा त्या खोलीतला दुसरा दिवा होता. तो कुणी विकत घेतला नव्हता, म्हणून मोजला नाही. ट्यूबवर प्रेम करावं असं फार काही नव्हतंही: चोकचा तो न संपणारा गुंजारव, स्टार्टर गेला की दिवेलागणीला होणारी लुकलुक, स्टुलावर चढून स्टार्टर अंगठ्यानं पाव फेरा फिरवणं, टोकांना चढलेला काळेपणा. छताला काचेचा वाडगा असेल तर दिवाळीच्या आधी तो उतरवायचा, त्यातल्या किड्यांचा काळा थर साबणाच्या पाण्यात सोडवायचा आणि पुन्हा तीन स्क्रूंवर तोल सांभाळत चढवायचा. पुसताना काच हातातून निसटण्याची ती भीती बऱ्याच घरांना ठाऊक आहे. तेव्हा दिवा छतात जावा, धूळ बसू नये, छत सपाट दिसावं, ही इच्छा अगदी साधी आणि रास्त आहे. चूक इच्छेत नाही, बसवण्याच्या क्रमात आहे. दिवे आधी छताच्या नकाशावर मांडले जातात, माणसं नंतर खाली येऊन बसतात.

काम सुरू होतं जुना दिवा उतरवण्यापासून, आणि पहिली चूक तिथंच दबा धरून बसलेली असते. एमसीबी पाडला, दिवा गेला, म्हणजे तारा मेल्या असं आपल्याकडच्या घरात धरून चालत नाही. इन्व्हर्टर असेल तर त्याची लाइन वेगळी येते. मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर ती इमानेइतबारे चालू ठेवतो. म्हणून इन्व्हर्टरचं बटणही बंद करायचं, आणि मग टेस्टर. टेस्टर आधी शेजारच्या खोलीतल्या चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो का ते पाहायचं आणि त्यानंतरच बंद तारेला टेकवायचा. खराब टेस्टर आणि मेलेली तार, दोन्ही सारखेच दिसतात. दिव्याचा वाडगा उतरला की मागं स्लॅबमधला गोल बॉक्स उघडा पडतो: सिमेंटचे ठिपके, कोळ्याचं जाळं, वीस वर्षांपूर्वीच्या चिकटपट्टीत गुंडाळलेले जोड. नियमाप्रमाणे फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. पण जुन्या घरात त्या दिवशी दुकानात जो रंग मिळाला तो ओढलेला असतो, म्हणून रंगावर विश्वास ठेवू नये, मोजून घ्यावं. या बॉक्समध्ये काळ्या तारा बहुतेक वेळा दोन किंवा तीन एकत्र पिळलेल्या दिसतात. त्यांतली एक या दिव्याची आणि बाकीच्या पुढच्या दिव्याकडे, पंख्याकडे निघालेल्या. दिवा काढताना हा पीळ सोडून तारा सुट्या ठेवल्या, की संध्याकाळी बेडरूम अंधारात. मग बेडरूमचा बोर्ड उघडला जातो, बल्ब बदलला जातो, आणि दोष मात्र हॉलच्या छतात, नव्या जिप्सम बोर्डच्या वर बंद होऊन बसलेला.

बोर्ड चढवण्याआधी त्या छताचे फोटो काढून ठेवावेत, टेप लावून, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असे.

साध्या घरात स्लॅबच्या आत दिवा घुसवता येत नाही, म्हणून आधी खोटं छत खाली आणावं लागतं. सव्वानऊ फूट उंचीची खोली असली आणि छत नऊ इंच खाली आलं, तर साडेआठ फूट उरतात. एवढं खाली यायलाच हवं का, हे दिवा किती खोल आहे त्यावर ठरतं. चपटा पॅनेल दिवा इंच-दीड इंचात बसतो. खोल बसणारा सीओबी स्पॉट, म्हणजे एकाच ठिपक्यातून झोत टाकणारा दिवा, तीन-साडेतीन इंच मागतो. वर ड्रायव्हरला (घरची वीज एलईडीजोगी करून देणाऱ्या डबीला), तारेच्या वळणाला आणि गरम हवेला जागा लागते, म्हणून पाच-सहा इंच पुरतात. नऊ इंच बहुधा बीम झाकण्यासाठी जातात. जिप्समचं बोर्ड साडेबारा मिलिमीटर जाड असतं. ते ज्या पत्र्याच्या पट्ट्यांवर स्क्रूनं बसतं त्या साधारण ४५७ मिलिमीटरवर, म्हणजे दीड फुटावर, आणि त्या पट्ट्या धरणाऱ्या आडव्या चॅनेल १२२० मिलिमीटरवर, चार फुटांवर. हे दोन आकडे लक्षात असले की भोक कुठं पाडायचं नाही ते कळतं. छत आधीच बंद असेल तर एक लोहचुंबक बोर्डवरून फिरवायचा, जिथं चिकटतो तिथं पट्टी. भोक पट्टीवर येत असेल तर सगळी रांग दोन-तीन इंच सरकवायची. रांग सरकलेली कुणाला दिसत नाही. पट्टी कापली, तर मात्र एका पावसाळ्यात तिथं बोर्डच्या सांध्यावर केसासारखी भेग येते आणि ती सगळ्यांना दिसते. पंख्याचा हूक स्लॅबमधलाच राहिला पाहिजे, रॉड लांब घ्यायचा, वजनाचा एक ग्रॅमही खोट्या छतावर नको. हे कारागिरांना सांगावं लागत नाही, तरी स्वतः वर बघून खात्री करावी.

आता पंख्याचाच प्रश्न, कारण कागदावरचा सुबक आराखडा इथं अडखळतो. बारा बाय पंधराचा हॉल घ्या. नियम सोपा आहे: दोन दिव्यांत जेवढं अंतर, त्याच्या निम्मं भिंतीपासून. म्हणजे बारा फुटांच्या बाजूनं भिंतीपासून तीन फूट आणि मधे सहा. पंधरा फुटांच्या बाजूनं अडीच, मग पाच, मग पाच, शेवटी अडीच. सहा दिवे, सगळं समान. पण पंखा हॉलच्या मधोमध, आणि मधले दोन दिवे त्याच्या केंद्रापासून बरोबर तीन फुटांवर. १२०० मिलिमीटरच्या पंख्याचं पातं केंद्रापासून दोन फूट पसरतं आणि छताखाली फूटभर लटकतं. दिव्याचा कोन, म्हणजे उजेडाचा झोत किती रुंद पसरतो ते माप, ६० अंश असेल तर फूटभर खाली येईपर्यंत उजेडाची कड साडेसहा-सात इंच आत सरकते, म्हणजे दिवा केंद्रापासून किमान पावणेतीन फूट दूर हवा. कोन ११० अंश असेल, जसा साध्या पॅनेल दिव्यांचा असतो, तर कड सतरा इंच आत येते आणि अंतर साडेतीन फूट लागतं. त्यातही हा कोन उजेड निम्म्यावर येतो तिथपर्यंतच मोजलेला असतो. त्याच्या पलीकडेही उजेड असतोच, म्हणून आणखी अर्धा फूट. हे सोडलं तर काय होतं ते फार त्रासदायक आहे: पंखा लावला की अख्ख्या खोलीवर सावलीची फडफड, भिंतीवर, वर्तमानपत्रावर, जेवणाच्या ताटात. माणसं पंधरा मिनिटांत दिवा बंद करतात आणि "डोळ्याला सहन होत नाही" म्हणतात. मधले दोन दिवे भिंतीकडे एकेक फूट सरकवले असते तर हे टळलं असतं. रांग वाकडी झाली असती, होऊ द्यायची.

भोक पाडणं हे काम ऐकायला किरकोळ, पण इथं घाई महागात पडते. दिव्याच्या पाकिटावर दोन माप असतात, चेहऱ्याचा व्यास आणि कटआउटचा. भोक कटआउटच्या मापाचं पाडायचं. चेहऱ्याची कड भोकाच्या बाहेर सगळीकडून पाच-दहा मिलिमीटरच येते, तेवढ्यातच सगळी लाज झाकायची असते. चार इंची होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) सगळ्याला चालतो असं समजून सहाही भोकं पाडली आणि दिव्याचं कटआउट ९५ मिलिमीटर निघालं, तर कडेला चंद्रकोरीसारखी फट राहते आणि स्प्रिंगला पकड मिळत नाही. म्हणून दिवे आधी विकत आणायचे, एक दिवा टाकाऊ बोर्डच्या तुकड्यात बसवून पाहायचा, मग छताला हात लावायचा. पीओपीच्या जुन्या छतात जाळी किंवा काथ्या असतो. होल सॉ तिथं अडकून मनगटाला झटका देतो, म्हणून वेग कमी आणि चष्मा डोळ्यावर. ती पांढरी भुकटी फार बारीक असते. पातेलंभर पडते आणि घरभर चार दिवस सापडते. होल सॉच्या मागच्या दांड्यात प्लास्टिकचा डबा ओवून घेतला की निम्मी भुकटी डब्यात राहते. दिवा बसवताना दोन्ही स्प्रिंग वर दाबून धरायच्या आणि बोटं शेवटच्या क्षणी काढायची. त्या स्प्रिंग उंदराच्या सापळ्यासारख्या मिटतात.

तार प्रत्येक भोकातून किमान फूट-दीड फूट खाली लोंबती सोडावी. ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात राहून जाते. दिवा गेला की तो खाली ओढून, स्टुलावर आरामात उभं राहून जोड सोडवता आला पाहिजे. तार आखूड असेल तर एका हातानं दिवा, दुसऱ्यानं पक्कड आणि तिसरा हात कुणाला नाही. तार एक किंवा दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची पुरते, लाइटिंगच्या एका सर्किटवर दहा पॉइंट आणि ८०० वॅट ही मर्यादा एलईडीच्या काळात वॅटनं कधी ओलांडली जात नाही, पॉइंटनं मात्र चटकन ओलांडली जाते. जोड पिळून चिकटपट्टी गुंडाळू नयेत. छताच्या पोकळीत मे महिन्यात, त्यात वरच्या मजल्यावर, पट्टीचा गोंद पातळ होतो, पट्टी उलगडते. लिव्हरचे छोटे कनेक्टर मिळतात, तेच वापरावेत, आणि जोड भोकातून हात पोचेल इतक्या अंतरातच. ड्रायव्हर दिव्याच्या पाठीवर न ठेवता बाजूला सरकवावा. एलईडीची चिप सहसा जात नाही, ड्रायव्हरमधला कपॅसिटर उष्णतेनं सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ ठोकताळा आहे. २३० व्होल्ट ड्रायव्हरच्या इनपुटलाच जातात. चुकून ते दिव्याच्या बाजूच्या तारांना लागले तर एक टिचकी ऐकू येते आणि दिवा संपतो. चालू असलेल्या ड्रायव्हरला दिव्याची पिन जोडणंही तसंच घातक, रिकाम्या ड्रायव्हरमध्ये साठलेला जादा दाब एकदम चिपवर जातो. आणि एकाच खरेदीत दोन दिवे जास्तीचे घेऊन, पाकिटावर तारीख घालून माळ्यावर ठेवावेत. चार वर्षांनी तोच चेहरा, तेच कटआउट आणि तोच पांढरा रंग बाजारात मिळत नाही. सहात एक वेगळा दिवा बसला की नजर दर वेळी तिथंच जाते.

रात्री सगळं बंद केल्यावर एखादा दिवा राखेतल्या निखाऱ्यासारखा मंद उजळत राहतो, यानं बरेच जण घाबरतात. बहुधा बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत असतं, किंवा बटणात लाल इंडिकेटर असतो, किंवा एकाच पाइपमधून शेजारी धावणारी चालू तार बंद तारेला किंचित वीज पाजते. जुना पिवळा बल्ब एवढ्याशा विजेनं पेटत नव्हता, एलईडी पेटतो. पहिलं कारण मात्र लगेच दुरुस्त करायचं, कारण तिथं दिवा बंद असतानाही होल्डरला पूर्ण २३० व्होल्ट असतात आणि दिवा बदलणाऱ्याच्या हाताला ते कळत नाही.

रंगाचं एक सांगायला हवं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप, असं ते पांढरेपण. निळ्या एलईडीबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी जानेवारीत स्वस्तात बल्ब देणारी केंद्र सरकारची उजाला योजना आली आणि एलईडी बल्ब आपल्या घराघरांत पोचला. पण निळ्यावर पिवळा लेप म्हणजे लाल रंग या उजेडात कमीच. स्वस्त दिव्याखाली कुंकू तपकिरी दिसतं, डाळिंबी पैठणी मळकी दिसते, आणि माणसाचा चेहरा आजारी. पाकिटावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात तो आकडा, ८० ऐवजी ९० लिहिलेला शोधावा. वॅट दोन कमी चालतील, हा आकडा कमी नको. केल्व्हिनचं, म्हणजे पांढऱ्याच्या छटेच्या आकड्याचं, तसंच: ६५०० चा निळसर पांढरा आपल्याला ट्यूबमुळे सवयीचा, म्हणून "लख्ख" वाटतो, बसण्या-उठण्याच्या खोलीत ४००० पुष्कळ, रात्रीसाठी ३००० बरा. थ्री इन वन दिवे बटण बंद-चालू केलं की रंग बदलतात. छतापर्यंत एकच तार आलेली आहे आणि पाइपमध्ये सिमेंट उतरल्यामुळे दुसरी ओढता येत नाही, अशा घरात तो चांगला तोडगा आहे. दुसरी तार येत असेल तर ती घ्यावीच, आणि सहा दिवे दोन बटणांवर वाटावेत.

आणि मग कोन, जिथं आजीची सुई हरवली. त्या हॉलमधले स्पॉट ३६ अंशांचे होते. साडेआठ फुटांवरून त्यांचं जमिनीवरचं वर्तुळ साडेपाच फुटांचं, पण बसलेल्या माणसाच्या हाताशी, जमिनीपासून अडीच फुटांवर, ते चारच फुटांचं उरतं. दिवे पाच-पाच फुटांवर. म्हणजे दोन वर्तुळांच्या मधे, अगदी हाताच्या उंचीवर, अंधाराचा पट्टा. दिवाणावर ती बसली होती ती बरोबर त्या पट्ट्यात. सरकून दिव्याखाली आली तेव्हा उजेड होता, पण सुईवर वाकताच तिचंच डोकं मधे आलं. लहान, टोकदार उजेडाची सावली काळी आणि धारदार पडते. नेढं तिच्यात बुडून गेलं. छताकडे तर एक किरणही जात नव्हता. जमिनीवरची टाइल लख्ख, माणसांच्या भुवयांखाली अंधार. स्वयंपाकाच्या ओट्यावरही हेच होतं, दिवा खोलीच्या मध्यावर घेतला की कांदा चिरणाऱ्याची पाठ उजळते आणि विळी सावलीत. तिथं दिवा ओट्याच्या पुढच्या काठाच्या बरोबर वर, भिंतीपासून दोन फुटांच्या आत हवा. आरशासमोर तो कपाळावर नको, दोन बाजूंना हवा. पलंगावर उशीच्या वर मुळीच नको. तान्हं मूल दिवसभर छताकडेच बघत असतं. रुंद कोन, दिवे थोडे जास्त आणि प्रत्येक थोडा कमी वॅटचा, म्हणजे बाराचे सहा घेण्याऐवजी सातचे दहा, असं असतं तर वर्तुळं एकमेकांत मिसळली असती आणि सावल्यांनी एकमेकींना पुसलं असतं. पण भोकं पडून गेल्यावर हे सगळं सांगून काय उपयोग.

उपयोगाची गोष्ट भिंतीवर होती. दिवाणाच्या डाव्या हाताच्या भिंतीवर, साडेसात फुटांवर, जिथं पूर्वी ट्यूब होती, तिथं रंगाऱ्यानं एक पांढरी कोरी प्लेट बसवून वर रंग मारला होता. दोन स्क्रू. मागं तारा तशाच, टोकं दुमडून पट्टीत गुंडाळलेल्या, आणि त्यांचं बटण बोर्डावर अजून शाबूत. दाबून काही होत नाही म्हणून कुणी दाबत नव्हतं. प्लेटच्या कडेनं रंगाचा पापुद्रा ब्लेडनं आधी कापून घेतला, म्हणजे ओढताना भिंतीचा रंग सोलून येत नाही. मग इन्व्हर्टर बंद, मेन बंद, टेस्टर. दोन फुटांची दहा वॅटची एलईडी पट्टी, दोन गुट्ट्या, दोन जोड. उजेड डावीकडून, समोरून, भिंतीला आणि छताला लागून येतो. उजव्या हातात सुई धरली की सावली पलीकडे पडते. आता दिवेलागणीला सहा दिव्यांचं बटण सून लावते, आणि ते दुसरं आजी.